बोटाची चूक

"काजंच लहान करून ठेवली या शिंप्यानं. माणसाच्या बोटाचा काही विचारच नाही. नुसती कात्री चालवून राह्यले."

आमचे हे आरशाकडे तोंड करून गळ्याखालच्या बटणाशी बोलत होते. मी मागे चहा घेऊन उभी. इतकी जवळ, की ही तक्रार बटणासाठी होती की माझ्यासाठी, ते कळेना. बटण काजाच्या तोंडाशी जायचं, उजवा हात थरकायचा, बटण मागे यायचं. असं चारदा झालं. पाचव्यांदा त्यांनी हात खाली घेतला आणि खिशात घातला. वर्षभरात लागलेली ही सवय. घरात असो की देवळात, उजवा हात खिशात.

शिंप्याचा काही दोष नव्हता. काजं मागच्याच महिन्यात मी ब्लेडनं दोन-दोन दोरे उसवून मोठी केली होती. एका शर्टाची नाही, सहाही शर्टांची. हे दुपारी झोपलेले असताना उसवली, आणि कळू नये म्हणून कडा परत टाचून घेतल्या. आता आणखी उसवली असती तर बटणं आपली आपणच बाहेर आली असती.

"आणा इकडे," मी म्हटलं. "एसटी निघून जाईल."

त्यांनी हनुवटी वर केली, लहान पोरं करतात तशी. मी बटण लावलं.

"शिंपी बदलला पाहिजे," ते म्हणाले.

"बदलू."

असं आमचं वर्षभर चाललं होतं. पेन अडखळतो म्हणून पेन बदलला. कपाचा कान निसरडा म्हणून कप बदलले. किल्ली नीट बसत नाही म्हणून कुलूप बदललं. अर्धं घर बदलून झालं होतं, आणि खरं जे बदललं होतं त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नव्हतं. मी चहा अर्धा कप ओतायला लागले, हिंदकळू नये म्हणून. अर्धाच का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यावरूनच मला समजलं, की त्यांनाही समजलं आहे.

न बोलण्याला कारण होतं. यांचे थोरले भाऊ, आमचे दादा, तहसील कचेरीत कारकून होते. अक्षर असं, की लोक अर्ज लिहून घ्यायला त्यांच्या टेबलापाशी ताटकळत. आधी ते अक्षर बारीक झालं. ओळ सुरू व्हायची ज्वारीच्या दाण्याएवढी आणि संपायची राईएवढी. मग हात हलायला लागला. दादा म्हणायचे, थंडी वाजते. मे महिन्यातही त्यांना थंडीच वाजत होती, आणि मे महिन्यातही आम्ही "हो, गारवा आहे जरा" म्हणत होतो. शेवटी नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, इतके दिवस कुठे होता? लवकर आलं असतं तर औषधानं पुष्कळ वर्षं हात आपले राहिले असते, असं ते म्हणाले. शेवटची चार वर्षं यांनी दादांना चमच्यानं भरवलं. दादा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या आजाराचं नाव आमच्या घरात घेत नाहीत. फारच वेळ आली तर "दादांचं ते" म्हणतात.

आणि यांचं तर सगळं आयुष्य बोटांवर गेलेलं. कळंबला चिंतामणीच्या वाटेवर तीस वर्षं आमची टायपिंगची संस्था होती. पुढच्या खोलीत सोळा मशिनी, मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार, मधे विटेची एक पातळ भिंत. हे मुलांच्या मागे मागे फिरायचे नाहीत. खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि ऐकायचे. "तिसरी मशीन, अनामिका उशिरा पडून राह्यली." "खिडकीजवळचा, तू पाहून मारून राह्यला." मुलांनी बटणांकडे पाहू नये म्हणून त्यांच्या हातांवर फडकं टाकायची पद्धत होती. ती फडकी म्हणजे माझ्या जुन्या साड्या. माझी लग्नातली जांभळी साडी सोळा तुकडे होऊन निम्म्या तालुक्याच्या बोटांवरून फिरली आहे.

एखादा पोरगा कुरकुरला, की सर, माझी मशीनच खराब आहे, तर हे त्याला दुसऱ्या मशीनवर बसवायचे. मग तिसऱ्या. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे आणि म्हणायचे, "यंत्राची चूक यंत्रापाशी राह्यते, बापू. बोटाची चूक माणसासोबत हिंडते."

हे वाक्य मी भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकलं, की पोळ्या लाटताना माझ्याही तोंडात यायचं.

मी स्वतः कुठल्या बॅचला नव्हते. पण दुपारी दोन ते चार संस्था बंद असायची आणि हे आत झोपायचे. तेव्हा मी पुढे जाऊन कोपऱ्यातल्या मशीनवर बसायची. माझ्याच साडीचं फडकं माझ्याच हातांवर टाकायची आणि भिंतीतून जे कानावर आलं होतं ते बोटांना सांगायची. ए, एस, डी, एफ. परीक्षेला बसले नाही. मास्तराची बायको नापास झाली तर संस्थेत कोण येईल? हे मी कोणाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय.

पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेली. मशिनी भंगारात गेल्या. दोन कॉम्प्युटरवर यांनी काही वर्षं रेटलं, मग मुलं थांबली आणि मागच्या दिवाळीत उरलेला कॉम्प्युटरही थांबला.

लहानसा लॅपटॉप घ्या, असं काढलं अनघानं. अनघा आमची मुलगी, पुण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. बाबांना तिनं सांगितलं, की वीजबिल भरता येईल, रेल्वेचं तिकीट काढता येईल, मोठ्या अक्षरात पेपर वाचता येईल. मला वेगळं सांगितलं. माझे हात पिठात होते, म्हणून फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवून आवाज अगदी खाली घेतला होता.

"आई, बाबा डॉक्टरकडे चालत नाहीत ना? मग डॉक्टरलाच घरी आणू. माझ्या ओळखीचे मेंदूचे एक डॉक्टर आहेत. ते म्हणाले, व्हिडिओवर हात दाखवा, बोटं उघडमिट करू द्या, चार पावलं चालू द्या, पहिला अंदाज येतो. फोन तू हातात धरशील तर तूच हलशील. लॅपटॉप टेबलावर ठेवता येतो. बाबांना सांग, माझे साहेब आहेत, सहज बोलून राह्यले."

"म्हणजे फसवायचं त्यांना."

"मग तू सरळ बोल त्यांच्याशी."

"तू मुलगी आहेस. तुझं ऐकतात. तू बोल."

"तू बायको आहेस. रोज समोर आहेस. तू बोल."

आम्ही दोघी ते बोलणं एकमेकींकडे सरकवत बसलो, पाहुण्यानं शेवटची करंजी सरकवावी तसं. शेवटी ती ताटातच राहिली.

मग मी अभ्यास केला. फोनवर व्हिडिओ पाहून पाहून एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर यादी उतरवली. कामापुरतं इंटरनेट असेल तर महाग मशीन घेऊ नये. पडदा लहान चालेल. वजन एका हातानं उचलता येईल एवढंच. मेमरी चारची चालते, आठची मिळाली तर बरी. बॅटरी सहा तास तरी. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: कॅमेरा.

एसटीत खिडकीशी मी, कडेला हे. बायकांना अर्धं तिकीट असल्यापासून हे मला प्रवासात "अर्धी सवारी" म्हणतात. कंडक्टरनं दिलेले सुटे पैसे त्यांनी डाव्या हातात घेतले आणि डाव्याच हातानं माझी यादी मागितली. वाचली. शेवटी येऊन थांबले.

"कॅमेऱ्याखाली दोन रेघा कायले?"

"अनघाला मी नीट दिसायला पाहिजे."

"तुले सिनेमात काम करायचं आहे काय?"

"या वयात आईचं काम मिळते म्हणतात."

हसले. पत्रिका नीट घडी करून माझ्या पिशवीत ठेवली. "बाकी सगळं बरोबर आहे," म्हणाले, "पण मुख्य गोष्टच नाही लिहिली तू. बटणं. लॅपटॉप बटणांवरून घ्यायचा असते. बाकी सगळी वरची रंगरंगोटी."

मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. कापूस वेचायला बायका शेतात उतरल्या होत्या. दोन्ही हातांनी वेचत होत्या, न बघता, एकमेकींशी बोलत.

यवतमाळला स्टँडजवळ खेमसिंगचं दुकान आहे. खेमसिंग राठोड, दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा. पोरगा असताना कळंबला मामाकडे राहून यांच्याकडे टायपिंग शिकला. पहिल्यांदा नापास झाला, तेव्हा यांनी त्याला सहा महिने फुकट बसवलं होतं. आता चाळिशीचा आहे, पोट सुटलं आहे, पण सरांना पाहिल्याबरोबर काउंटरवरून जवळजवळ उडी मारूनच आला. पायाला हात लावला.

"सर! काकू! फोन तं करायचा. गाडी घेऊन आलो असतो न मी."

"आम्ही एसटीचीच माणसं," हे म्हणाले. "लॅपटॉप दाखव. लहान पाहिजे, स्वस्त पाहिजे."

"सर, काम काय आहे ते सांगा. तसा दाखवतो."

"काम काय राह्यते आता? वीजबिल. रेल्वेचं तिकीट. पेपर. पोरीशी बोलणं."

"मंग जास्त खर्चात पडूच नका. एवढ्याशा कामाले मोठं मशीन म्हणजे पावभर कोथिंबीर आणाले ट्रॅक्टर नेल्यासारखं." त्यानं खालच्या कप्प्यातून एक चिमुकला लॅपटॉप काढला, शाळेच्या पाटीपेक्षा थोडा मोठा. "हे पहा. सव्वा किलोचं आहे. यात मोठे प्रोग्राम नाही चालणार, फोटो साठवाले जागा कमी आहे. पण इंटरनेट मस्त चालते, बॅटरी दिवसभर पुरते."

"कॅमेरा कसा आहे?" मी विचारलं.

"चांगला आहे काकू."

"दिवसा उजेडात हात वगैरे हलवले तर दिसते नीट?"

खेमसिंगनं माझ्याकडे पाहिलं. मग सरांच्या खिशाकडे. "दिसते," म्हणाला. एवढंच.

हे स्टुलावर बसले. पाठ सरळ, कोपरं अंगाशी, मनगटं वर. तीस वर्षं तेच. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि दोन्ही हातांवर टाकला.

"सर, अजून फडकं!" खेमसिंग हसला.

"सवय आहे."

पूर्वी ते फडकं डोळ्यांना बटणं दिसू नयेत म्हणून असायचं. आज ते कशासाठी होतं, ते मला माहीत होतं.

त्यांनी नेहमीचं वाक्य सुरू केलं. तो इंग्रजीतला कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो ते, ज्यात सगळी अक्षरं एकदा तरी येतात. डाव्या हाताचा आवाज पाण्यासारखा वाहत होता. उजव्याचा मधेच अडायचा, मग घाईनं गाठायचा, मग परत अडायचा. पाय जड झालेलं माणूस जिना चढते तसा. मला पडद्याकडे पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं. ब्राउनमध्ये दोन ओ. फॉक्समध्ये दोन ओ. ओव्हरची सुरुवातच दोन ओंनी. डॉगमध्ये तर तीन.

ओ उजव्या अनामिकेचा असतो.

"बटणं उथळ आहेत याची," हे म्हणाले. "बोट पडते आन् उठतच नाही."

खेमसिंग पडद्याकडे पाहत होता. ज्या पोराला अनामिकेसाठी सहा महिने बसवलं होतं, त्याला ते ओ काय सांगत होते हे न कळायला तो काही बाहेरचा नव्हता. पण तो म्हणाला, "हो सर. हे जरा लहानच पडते. तुमचा हात मोठ्या मशीनचा."

दुसरा आणला. पडदा मोठा, बटणं ऐसपैस. दुपट्टा, मनगटं, कोल्हा. ब्राउनमध्ये दोन ओ. फॉक्समध्ये दोन. डॉगमध्ये दोन.

"स्प्रिंग ढिली आहे."

"असते सर कधी कधी. नवीन माल असाच येऊन राह्यला."

मग खेमसिंग आत गेला आणि एक काळा, जाड, जुना लॅपटॉप घेऊन आला. एखाद्या कचेरीतून निघालेला, दुरुस्त करून ठेवलेला. "हे जुनं आहे सर, जड आहे, पण बटणं पहा. जुन्या मशिनीसारखी खोल आहेत."

यांनी उजव्या हाताचं एक बोट बटणावर दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां," म्हणाले. "याले म्हणतात बटण. याले खोली आहे." या वेळी त्यांनी दुपट्टा टाकला नाही. विसरले, की भरवसा वाटला, कोण जाणे. सुरू झाले. ब्राउन बरोबर आला. फॉक्सला अनामिका ओवर पडली आणि तिथेच बसली. ओ, ओ, ओ, ओ, ओळभर ओ चालत गेले. त्यांनी हात झटक्यानं उचलला. खोडायला करंगळी नेली, एकच ओ खोडायचा होता, तर करंगळीही तिथेच अडकली आणि सगळे ओ गेले, मागचा कोल्हा गेला, ब्राउन गेला, वाक्यच गेलं. पडदा कोरा.



"चहा सांगतो," खेमसिंग म्हणाला.

चहा आला, टपरीवरच्या काचेच्या ग्लासात, काठोकाठ. खेमसिंगनं एक ग्लास सरांसमोर ठेवायला उचलला, थांबला, पाठ वळवून त्यातला अर्धा आपल्या कपात ओतला, आणि मग तो अर्धा ग्लास सरांपुढे ठेवला. मला वाटत होतं, कळंबच्या माझ्या स्वयंपाकघरातली ती युक्ती माझी एकटीची आहे. इथे बावीस किलोमीटरवर तीच युक्ती, आणि तीही पहिल्याच चहाला. म्हणजे आता हा चौथा. हे स्वतः, मी, अनघा आणि खेमसिंग. चौघांना माहीत, आणि चौघंही शिंप्याला आणि बटणांना बोल लावत होते. दादांच्या वेळी आम्ही असेच किती जण होतो!

हे चहा डाव्या हातानं प्यायले. उजवा परत खिशात.

"सर, मी असं करतो," खेमसिंग म्हणाला. त्याची नजर माझ्याकडे होती, काकू तुम्ही तरी सांभाळा अशी. "नागपूरहून वेगळी बटणं असलेलं एखादं मागवतो. तुम्ही आठ दिवसांनी या."

"हां, तसंच कर," हे चटकन उठले. सुटल्यासारखे. "घाई कायची आहे? आज नाही तं आठ दिवसांनी. चाल रत्ना, दोनची एसटी मिळते."

ते दाराकडे गेले आणि रस्त्याकडे तोंड करून चपला शोधायला लागले.

आठ दिवस. मग नागपूरच्याची स्प्रिंग कडक निघेल, मग आणखी आठ दिवस. मग लॅपटॉपच नको, फोन बरा. मग थंडी वाजते. मग मे महिना.

बोलायचं तर मला होतंच. तोंड उघडलंही. पण सहा वर्षं जे नाव त्या घरात कोणी घेतलं नाही, ते माझ्या जिभेवर येऊन करंगळीसारखं अडकलं. मला काय बोलता येते? मी टायपिंग मास्तराची बायको. मला ऐकता येते आणि टाइप मारता येते.

"थांबा जरा," मी म्हटलं.

तो पहिला, सगळ्यात लहान, उथळ बटणांचा लॅपटॉप मी माझ्याकडे ओढला. स्टुलावर त्यांचा दुपट्टा राहिला होता. तो माझ्या हातांवर टाकला. खेमसिंगचं तोंड उघडं राहिलं. मी डोळे मिटले आणि ए, एस, डी, एफवर बोटं ठेवली. बटणं खरंच उथळ होती. पण बोट पडत होतं आणि उठत होतं.

कोल्हा सुरू केला. पहिल्या ओळीला माझी लय जरा कच्ची होती, बरेच दिवस झाले होते. दुसऱ्या ओळीला ती आली. दुपारी दोनची ती बंद खोली, शाईचा वास, फडक्याचा जांभळा रंग, सगळं हातात आलं. डोळे उघडून पाहिलं तर हे अजून पाठमोरेच होते. पण चपला शोधणं थांबलं होतं. हनुवटी थोडी वर गेली होती, मान डावीकडे कलली होती. मागून दिसत नव्हतं तरी मला ठाऊक होतं, की त्यांनी डोळे मिटले आहेत. तीस वर्षं खुर्चीत बसून ते असेच ऐकत होते.

तिसरी ओळ संपवली आणि दुपट्टा काढला. प्रत्येक ओळीत चार ठिकाणी ओ होता. चारही ठिकाणी एकच.

हे वळले नाहीत. तसेच म्हणाले, "पस्तीसच्या आसपास असेल वेग. करंगळी आळशी आहे. कोणाच्या बॅचले होती तू?"

"दुपारी दोन ते चार."

"माहीत आहे मले." मग ते वळले. "झोपत होतो मी, बहिरा नव्हतो. तू चुकली की तोंडापर्यंत येत होतं, का पी अक्षराले करंगळी लाव, अनामिका नको. पण म्हटलं, सांगितलं तं ही उठून जाईल, परत बसणार नाही. गप्प राह्यलो. वीस वर्षं पी चुकीच्या बोटानं मारून राह्यली तू."

"मग सांगायचं ना," मी म्हटलं.

"हो. सांगाले पाहिजे होतं."

ते काउंटरपाशी आले. तिन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे होते, पूर्वी संस्थेत तीन कागद असायचे तसे. त्यांनी तिन्ही पडदे पाहिले. मग खेमसिंगकडे पाहिलं.

"मी काय म्हणत होतो रे तुम्हाले? यंत्राची चूक?"

खेमसिंगनं मान खाली घातली. त्या सहा महिन्यांत त्यानं ते वाक्य शंभरदा ऐकलं असेल. पण पुढचं अर्धं त्याच्या तोंडून निघेना.

"जाऊ दे," हे म्हणाले. "हेच लहानवालं बांध. काकूले कॅमेरा पाहून घेऊ दे आधी नीट."

मग त्यांनी उजवा हात खिशातून काढला. काउंटरच्या काचेवर ठेवला, सगळ्यांसमोर, वर दुपट्टा न टाकता. हात हलत होता. शेजारचा चहाचा ग्लास काचेवर बारीक वाजायला लागला, आणि त्यांनी तो वाजू दिला.

"अनघाच्या त्या डॉक्टरले तिचा साहेब म्हणून नको आणू," ते मला म्हणाले. "भिंत पातळ आहे आपली, सगळं ऐकू येते. डॉक्टर म्हणूनच आण. मी बसतो समोर. बोटं उघडमिट कर म्हणाले तं करतो, चाल म्हणाले तं चालतो."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो माझ्या हाताखालीही हलत राहिला.

"मशिनी तिन्ही चांगल्या आहेत, रत्ना," ते म्हणाले. "दादाले होता तो कंपवात मले झाला."